स्टेजवर व्हायोलिन, मॅन्डोलिन, गिटार वाजवताय? आधी प्रीअँप समजून घ्या

पिझो पिकअप (वाद्याचे कंप विजेत बदलणारी पट्टी किंवा चकती) बसवलेलं व्हायोलिन थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला जोडलं की ते व्हायोलिन राहत नाही, पत्र्याच्या डब्यात अडकलेली गांधीलमाशी होते. गोव्यात, फोंडा तालुक्यातल्या एका देवळाच्या जत्रेत, नाट्यगीतांच्या कार्यक्रमात, ही गांधीलमाशी मी पहिल्यांदा ऐकली आणि ती माझीच होती. साऊंडवाला मिक्सरमागून ओरडला, "भाई, तुमचं व्हायोलिन पातळ वाजतंय, जरा जोर लावा!" जोर लावला. गांधीलमाशी मोठी झाली. मग त्याने बासचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. व्हायोलिनचा बास आला नाही, जनरेटरची घरघर तेवढी आली.

चूक त्याची नव्हती. वाद्य आणि मिक्सर यांच्यामध्ये एक डबी लागते, ती माझ्याकडे नव्हती. त्या डबीलाच प्रीअँप म्हणतात. भजनी सप्ताहात व्हायोलिन धरणारे, कोंकणी मांडो गीतांच्या साथीला मॅन्डोलिन वाजवणारे, कळंगुटच्या किनाऱ्यावर शॅकमध्ये (झोपडीवजा हॉटेलात) गिटार घेऊन बसणारे, सगळ्यांना ती कधी ना कधी लागते. पण दुकानात गेलं की विक्रेता आधी रिव्हर्ब ऐकवतो, मग कोरस, आणि आपण भुलतो. माझ्या मते प्रीअँपचं पहिलं काम हमालाचं आहे. माल न सांडता मिक्सरपर्यंत पोचवायचा. रंगरंगोटीचं नंतर बघू.

पहिली पायरी: वाद्यात काय बसवलंय ते ओळखा

हे न ओळखता प्रीअँप विकत घेणं म्हणजे पायाचं माप न घेता चप्पल घेणं. चार शक्यता आहेत.

वाद्यात पिकअप आहे, पण बॅटरी कुठेच नाही, आणि पिकअप घोडीला, घोडीखाली किंवा आतून लाकडाला चिकटवलेला आहे. हा पिझो. दाब आणि कंप यांमुळे त्याच्यात वीज तयार होते, अगदी थोडी. प्रीअँपची सगळ्यात जास्त गरज यालाच असते.

गिटारच्या कडेला छोटी बटणं आणि ९ व्होल्टच्या बॅटरीची खोबण आहे. म्हणजे पिझो आहेच, पण प्रीअँपही आतच आहे. यांना बाहेर फक्त डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरच्या माइक इनपुटला चालेल असा करणारी डबी) पुरतो, तोही साधा पॅसिव्ह, म्हणजे विजेशिवायचा, चालतो. दुसरा महागडा प्रीअँप लावला तर बिघडत नाही, पण पैसे खर्च करण्याआधी आतल्या बॅटरीचं वय बघा. "आवाज फाटतो" म्हणून माझ्याकडे गिटार घेऊन येणाऱ्यांतल्या निम्म्यांचा प्रश्न नव्या बॅटरीने सुटला आहे.

तिसरा प्रकार म्हणजे गिटारच्या गोल भोकात आडवा बसणारा मॅग्नेटिक पिकअप. तो पोलादी तारांवरच चालतो, नायलॉनच्या तारांना त्याच्या लेखी अस्तित्व नाही. शिट्टीला, म्हणजे स्पीकरचा आवाज परत पिकअपमध्ये शिरून होणाऱ्या फीडबॅकला, तो पिझोपेक्षा कमी घाबरतो, पण लाकडाचा आवाजही कमी देतो.

चौथा म्हणजे वाद्याला चिमट्याने लावलेला छोटा कंडेन्सर माइक. त्याला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा, म्हणजे मिक्सरने माइकच्याच वायरीतून दिलेली वीज, लागतो. वाद्यांसाठी बनवलेल्या बहुतेक प्रीअँपच्या इनपुटमधून तो मिळत नाही, त्यामुळे हा माइक सरळ मिक्सरच्या माइक इनपुटला जोडावा. सतार, सरोद, सारंगी यांच्यासाठी मी अजूनही माइकच सुचवतो. त्या वाद्यांचा जीव तरफांच्या गुंजनात आणि पोकळीत असतो आणि पिझोला त्यातलं फारच थोडं कळतं.

दुसरी पायरी: इनपुट इम्पीडन्स

इथे जरा थांबू, कारण सगळा घोळ इथेच होतो.

मे महिन्यातली विहीर आठवा. झर बारीक असते. कळशीने सावकाश काढलं तर दिवसभर पाणी मिळतं. त्याच विहिरीवर मोठा पंप लावला तर दोन मिनिटांत गाळ वर येतो. पिझो ही तशी विहीर. मिक्सरचं लाइन इनपुट हा मोठा पंप. पंपाची ओढ मोजायची तर इनपुट इम्पीडन्सचा आकडा बघायचा. आकडा जितका मोठा, तितकी ओढ कमी.

मिक्सरच्या लाइन इनपुटचा इम्पीडन्स साधारण १० किलोओहम असतो. पॅसिव्ह डीआयचा सुमारे १४० किलोओहम. चांगल्या अ‍ॅक्टिव्ह डीआयचा १ मेगाओहम, आणि पिझोसाठी मुद्दाम बनवलेल्या प्रीअँपचा १० मेगाओहम. म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात हजारपटीचा फरक.

ओढ जास्त झाली की पिझोचा आधी खर्ज जातो. पिझोची धारणक्षमता (कपॅसिटन्स, विद्युतभार साठवायची ताकद) आणि इनपुटचा इम्पीडन्स मिळून एक गाळणी तयार होते, आणि ती ठरावीक कंपनसंख्येच्या खालचं सगळं हळूहळू कापत जाते. गिटारच्या घोडीखालच्या पट्टीसारख्या पिझोची धारणक्षमता काहीशे पिकोफॅरड असते. ५०० धरू. १ मेगाओहमला जोडला तर साधारण ३२० हर्ट्झच्या खाली आवाज गळायला लागतो. व्हायोलिनची खर्जाची 'जी' (G) तार १९६ हर्ट्झची. ती उघडी वाजवली तर जवळपास निम्मीच पोचते. गिटारची सर्वांत जाड ई तार ८२ हर्ट्झची, तिचं तर विचारूच नका. तोच पिझो १० मेगाओहमला जोडला की गळती ३२ हर्ट्झच्या खाली जाते, आणि तिथे आपलं काहीच नसतं. माझ्या जत्रेतल्या गांधीलमाशीचं कारण एवढंच होतं. मिक्सरवर बास वाढवून उपयोग नव्हता, कारण जे मिक्सरपर्यंत आलंच नाही ते वाढवणार कुठून?

यातली गंमत अशी की वाद्याच्या पाठीला चिकटवायच्या स्वस्त पितळी चकतीला हा त्रास फारसा होत नाही. २७ मिलिमीटरच्या चकतीची धारणक्षमता सुमारे २० नॅनोफॅरड असते, घोडीखालच्या पट्टीच्या कितीतरी पट. तिला १ मेगाओहम भरपूर झालं. तिचा आवाज ढबढबीत असतो ते वेगळं. महाग पिकअप घेतला म्हणून काम सोपं होतं असं नाही, उलट त्याच्यासाठी प्रीअँप जास्त काळजीने निवडावा लागतो.

तेव्हा बॅटरी नसलेला पिझो असेल तर माहितीपत्रकात एकच गोष्ट आधी शोधा: इनपुट इम्पीडन्स १० मेगाओहम, किंवा निदान १ मेगाओहमच्या बराच वर. हा आकडा कुठेच छापलेला नसेल तर ती वस्तू मी तरी घेत नाही. मॅग्नेटिक पिकअपला १ मेगाओहम पुरतो.

वाद्यापासून प्रीअँपपर्यंतची वायर लहान ठेवा. साध्या वाद्याच्या केबलची धारणक्षमता दर मीटरला १०० पिकोफॅरडच्या आसपास असते. ५ मीटर वायर म्हणजे आणखी ५०० पिकोफॅरड, आणि आपल्या पिझोचा आवाज वाटेतच निम्मा होतो. मी दोन मीटरच्या वर जात नाही. डबी माझ्या गुडघ्याशी, पुढची लांब वायर साऊंडवाल्याची.

तिसरी पायरी: बाहेर जाणारी वायर

आपल्याकडे बहुतेक साऊंडवाले जाड जॅकला पी-३८ म्हणतात आणि तीन काट्यांच्या एक्सएलआरला कॅनन. प्रीअँपला कॅनन आउटपुट हवंच. त्यातून बॅलन्स्ड सिग्नल जातो, म्हणजे तोच आवाज दोन तारांतून सुलट-उलट पाठवला जातो आणि वाटेत शिरलेली घरघर मिक्सरपाशी एकमेकींना मारून टाकते. मंडपात दिव्यांच्या माळा, पंखे आणि जनरेटरच्या वायरी एकाच खांबाला गुंडाळलेल्या असतात. तिथून पी-३८ ची वीस मीटर वायर नेली तर भजनाबरोबर ५० हर्ट्झचा अखंड षड्ज फुकट मिळतो.

डबीवर ग्राउंड लिफ्टचं (सिग्नलच्या वायरीतली ग्राउंडची जोडणी तोडणारं) बटण असलं तर उत्तम. घरघर आली की आधी तेच दाबून बघा. काही ठिकाणी लोक घरघर घालवायला प्लगची अर्थिंगची पिन मोडतात किंवा टेप लावतात. असं कधीही करू नका. चवथीत (गणेशचतुर्थीत), ओल्या फरशीवर, अनवाणी बसलेल्या माणसाच्या मांडीवर पोलादी तारांचं वाद्य असतं.

चौथी पायरी: शिट्टी आवरणारी बटणं

टोनची बटणं सगळ्याच डब्यांवर असतात. मी आधी तीन वेगळ्या गोष्टी शोधतो.

फेजचं बटण. हे आवाजाची लाट उलटी करतं. स्पीकरचा आवाज वाद्याच्या पोकळीत परत शिरतो आणि पोकळीच्या स्वतःच्या सुराशी जुळला की घुमायला लागतो. फेज उलटा केला की बरेचदा हे जुळणं मोडतं. कधी उलटा चांगला, कधी सुलटा. जागा बदलली की उत्तर बदलतं, म्हणून प्रत्येक ठिकाणी दोन्ही करून बघायचं. फुकटचा उपाय आहे.

नॉच. हा एका ठिकाणी बारीक खड्डा पाडतो. गिटारची पोकळी साधारण १०० हर्ट्झला घुमते, म्हणून जाड तारांवरचे 'जी' आणि 'ए' हे सूर स्टेजवर अंगावर येतात. व्हायोलिनची पोकळी २७० ते २८० हर्ट्झच्या आसपास घुमते. नॉच वापरायची रीत: हाताने तारा दाबून धरा, आवाज हळूहळू वाढवा, घुमायला लागला की नॉचचं बटण सावकाश फिरवा, आणि घुमणं ज्या ठिकाणी बंद होईल तिथे सोडून द्या. नवीन माणूस बटण भराभर फिरवतो आणि ती जागा हुकते.

लो-कट. खालचा अनावश्यक गडगडाट तो कापतो. फळ्यांच्या स्टेजवर घुमट या मातीच्या तालवाद्याची थाप आणि कलाकारांच्या पायांचा धक्का पिझोला व्यवस्थित ऐकू जातो, त्यामुळे हा लागतोच. गिटारला ८० हर्ट्झच्या खाली कापा. पाश्चात्त्य पद्धतीने लावलेल्या व्हायोलिन-मॅन्डोलिनला १५० पर्यंत जायला हरकत नाही. आपलं व्हायोलिन सा-पात लावलेलं असेल आणि जाड तार 'जी'च्याही खाली उतरवलेली असेल, तर १०० वर थांबा. माहितीपत्रकातला सल्ला आपली तार कुठे लावली आहे हे बघून लिहिलेला नसतो.

पिझोचा तो प्लास्टिकसारखा करकरीत आवाज बहुधा दीड ते तीन हजार हर्ट्झमध्ये बसलेला असतो. मधल्या पट्ट्याची (मिडची) जागा फिरवून बदलता येणारं बटण असेल तर तिथे थोडं कमी करा. लोक ट्रेबल कमी करतात आणि वाद्य कांबळ्याखाली गेल्यासारखं होतं.



पाचवी पायरी: वीज कुठून घेणार?

तीन मार्ग: ९ व्होल्टची बॅटरी, मिक्सरचा फँटम, भिंतीतला अ‍ॅडॅप्टर. बॅटरी आणि फँटम दोन्हींवर चालणारी डबी गोव्यात फिरणाऱ्याला सगळ्यात सोयीची, असं माझं मत झालंय. पणजीच्या कला अकादमीत, मडगावच्या रवींद्र भवनात किंवा फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात वीज आणि मिक्सर यांची चिंता नसते. शॅकमध्ये मात्र दोन चॅनेलचा छोटा मिक्सर येतो, त्याला फँटमचं बटण असेलच असं नाही. आणि देवळाच्या सभामंडपात पावसाळ्यात लाइट गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत बॅटरीची डबी तरी जिवंत राहते. लाइट परत येताना जो झटका बसतो तो अ‍ॅडॅप्टरवाल्यांनाच आधी भेटतो.

अ‍ॅडॅप्टर वापरायचाच असेल तर प्लगच्या मधल्या पिनेची बाजू तपासा. पेडलांचे बरेचसे अ‍ॅडॅप्टर मध्ये ऋण असलेले असतात, घरातल्या राउटरचा बहुधा उलटा. जॅक बसतो, डबी जळते. नातेवाइकांनी परदेशातून आणलेला असेल तर तो २३० व्होल्टवर चालतो का हेही बघा.

फँटम चालू-बंद करताना चॅनेल म्यूट करायला सांगा. डबीच्या माहितीपत्रकात फँटम चालेल असं लिहिलं नसेल, तर तो बंदच ठेवायला सांगा. "साहेब, माझ्या लाइनला ४८ नको," एवढं वाक्य पाठ असावं.

सहावी पायरी: बसून वाजवता की उभं राहून?

हा प्रश्न मला परदेशी मार्गदर्शकांत कधी दिसला नाही, कारण तिथे सगळे उभे असतात किंवा खुर्चीवर. पायाने दाबायची बटणं असलेला पेडल बैठकीवर निरुपयोगी आहे. मांडी घातलेल्या माणसाने अभंग चालू असताना पेडल दाबायला पाय काढला तर टाळकरीही थांबतील. वास्कोच्या दामोदर सप्ताहासारख्या चोवीस तासांच्या भजनात एक साथीदार उठतो, दुसरा बसतो. तिथे हाताशी राहणारी, आवाजाचं एकच मोठं बटण असलेली डबी चालते. मध्ये तार लावायची असेल तर म्यूटची सोयही हाताजवळ हवी.

काही नावं सांगतो, विकत घ्या म्हणून नाही, कशाकडे बघायचं ते कळावं म्हणून. एलआर बॅग्जचा पॅरा अकूस्टिक डीआय १० मेगाओहमचा, ९ व्होल्ट किंवा फँटमवर चालणारा, नॉच, फेज आणि फिरता मधला पट्टा असलेला. पायाचं बटण नाही, त्यामुळे बैठकीला सुरेख. फिशमनच्या प्लॅटिनम प्रो ईक्यूला ट्यूनर आणि बूस्ट पायाखाली मिळतात, म्हणजे उभ्याने एकट्याने दोन तास गाणाऱ्या गिटारिस्टचा तो मित्र. रेडियलच्या पीझेड-डीआयवर इनपुट इम्पीडन्सच बदलता येतो: १० मेगाओहम, १ मेगाओहम किंवा २२० किलोओहम. पण तो फँटमवरच चालतो, तेव्हा छोट्या मिक्सरवाल्या शॅकसाठी त्याच्या भरवशावर राहू नका. स्वस्तातल्या डब्यांतही कामाच्या वस्तू आहेत. दुसऱ्या पायरीतला आकडा आणि तिसऱ्यातलं कॅनन आउटपुट यांवर मात्र तडजोड नको.

एखादा मित्र या डबीऐवजी सरळ मोठा अकूस्टिक अँप्लिफायर घ्या म्हणेल. छोट्या खोलीत छान. पण स्कूटरवर मडकईहून म्हापशाला तो कोण नेणार?

सातवी पायरी: स्वतःच्या वाद्यावर ऐकून घ्या

दुकानातली गिटार लावून ऐकू नका, तिच्यात बहुधा आधीच प्रीअँप असतो. स्वतःचं वाद्य आणि स्वतःची लहान वायर घेऊन जा. आधी काहीही न वाजवता आवाज वाढवा आणि सूंऽऽ असा सुसकारा किती येतो ते ऐका. मग सर्वांत जाड तार उघडी वाजवा. ती भरीव आली तर इम्पीडन्स जुळला. मग हाताला येईल तेवढ्या जोराने तार छेडा. पिझो अशा वेळी मोठा धक्का पाठवतो आणि काही डब्या तिथेच फाटतात. इनपुटला गेन (आत येणारा सिग्नल किती वाढवायचा ते) कमी करायचं बटण आहे का ते तेव्हा विचारायचं. शेवटी मोबाइलवर रेकॉर्ड करून घरी जाऊन ऐका. दुकानात सगळंच छान वाटतं.

स्टेजवर क्रम असा: डबीची सगळी टोनची बटणं मध्यावर ठेवा. सगळ्यात जोरात वाजवाल तेवढं वाजवून डबीचा गेन लावा, लाल दिवा लागायच्या थोडा आधी थांबा. मग साऊंडवाल्याला त्याचा गेन लावू द्या आणि त्याच्या मिक्सरचा ईक्यू (टोनची बटणं) सरळ ठेवायची विनंती करा. त्यानंतर फेज, लो-कट, नॉच, आणि सगळ्यात शेवटी टोन. कॅनन आउटपुट माइकच्या पातळीचं असेल तर माइक इनपुटलाच जायला हवं. ते लाइनला लावलं की परत "भाई, जोर लावा" सुरू होतं. मॉनिटर स्पीकर वाद्याच्या भोकासमोर ठेवू देऊ नका. थोडा बाजूला वळवला तरी अर्धी शिट्टी जाते.

उघड्यावरचा कार्यक्रम असेल तर साऊंडचेक संध्याकाळीच उरका. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, ठरावीक दिवसांची सवलत वगळता. त्यामुळे आयोजक साडेनवापासून घड्याळाकडे बघायला लागतात आणि तेव्हा नॉच शोधायला कोणी वेळ देत नाही. जमलेल्या बटणांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सभामंडपाचा एक, बंद हॉलचा एक, शॅकचा एक. पुढच्या वेळी निम्मं काम तिथूनच सुरू होतं.

घरी आल्यावर वायर डबीतून काढून ठेवा. पुष्कळ प्रीअँप जॅक घातला की चालू होतात आणि काढेपर्यंत बॅटरी खात राहतात. आणि पाऊस सुरू व्हायच्या आधी, कार्यक्रम नसतील तेव्हा, बॅटरीच बाहेर काढा. किनारपट्टीची खारी दमट हवा बॅटरीच्या क्लिपवर हिरवी साय आणते. माझ्या पहिल्या डबीची क्लिप तशीच गेली. आता पेटीत डबीबरोबर सिलिका जेलची पुडी असते, आणि एक सीलबंद ९ व्होल्टची बॅटरी, जी मी कुणालाही उसनी देत नाही.